पेटीवरचा आंबा

आर. के. पुरम, नवी दिल्ली
१८ मार्च २०२५

ती. मुरलीधरकाका,

नमस्कार शेवटी करीन, आधी भांडण.

काल फोनवर आपण दोघं एकदमच बोलत होतो. कोण काय म्हणालं ते कोणालाच कळलं नाही. तुमचा जावई राघव आतल्या खोलीतून ओरडला, "दोन रेडिओ एकदम लागलेत का?" म्हणून लिहिते आहे. तुमचा टेम्पो फरीदाबादहून प्रूफचं पाकीट घेऊन इकडे येतोच, परत जाताना माझी चिठ्ठी नेईल. कागदावर निदान एका वेळी एकच जण बोलतो.

तर काका, पेटीच्या झाकणावरचा आंबा आंबा दिसत नाही. माझ्या स्क्रीनवर तो देवगडचा पिकलेला हापूस आहे, देठाजवळ केशरी, पोटावर हळदीसारखा. तुमच्या छापखान्यातून आलेल्या शीटवर तो गुलाबी आहे. मी शीट घेऊन खालच्या मार्केटमधल्या फळवाल्याकडे गेले आणि काही न सांगता विचारलं, "भैया, ये क्या है?" तो म्हणाला, "आड़ू है जी. अभी सीज़न नहीं है, मई में आएगा."

आडू! मी पीचची पेटी करून बसले आहे.

तुम्हाला माहीत आहे, गुरुग्रामची नोकरी सोडल्यावर हे माझं पहिलं स्वतःचं काम. आंबेवाल्या सुजयचंही दिल्लीतलं पहिलंच वर्ष. त्याचे आंबे अक्षय्य तृतीयेच्या आधी इथे पोचणार, आणि पेटी बरोबर नसेल तर तो दुसरा डिझायनर बघेल. तसं तो गोड आवाजात म्हणाला. मला वीस एप्रिलपर्यंत पेट्या हव्यात, आंब्याच्या.

काकूला सांगा, मागच्या वेळचं थालीपीठ अजून आठवतंय. आणि तुमचं नवीन आकाशी रंगाचं ऑफिस छान दिसतं.

आता नमस्कार.
मयुरा

फरीदाबाद
२० मार्च २०२५

चि. मयुरास,

आशीर्वाद आधीच देतो. भांडणात राहून गेला तर तुझी काकू मला जेवायला वाढणार नाही.

फळवाल्याचं म्हणणं वाचून हसलो. पण पोरी, मी तुझी फाइल माझ्या ऑफिसच्या स्क्रीनवर स्वतः पाहिली. हापूस होता, अगदी वास येईल असा. मग प्रूफ काढलं, तर ते पिवळंधमक. लग्नात हळद लावलेला नवरदेव बरा. म्हणून मशीनवर मी स्वतः उभा राहिलो, पिवळी शाई उतरवली आणि स्क्रीनसारखा आंबा झाल्यावर शीटवर सही केली. तुला ठाऊक आहे, माझ्या सहीशिवाय इथून एक कागद बाहेर पडत नाही. कराडहून एक पिशवी घेऊन आलो तेव्हापासूनचा नियम आहे.

मारुती होळीपासून गावाकडच्या यात्रेला गेलाय. बदली मशीनमन इथलाच आहे, सांगितलं तेवढंच करतो, एक शब्द उलट बोलत नाही. मारुतीपेक्षा बरा! मारुती तर मशीनपेक्षा जास्त आवाज करतो.

आता तू म्हणशील काकांचं वय झालं. अगं, सहासष्टाव्या वर्षी मी चष्म्याशिवाय पेपर वाचतो. पाच वर्षांपूर्वी चष्मा लागत होता, आता आपोआप सुटला! आणि रंगाचं म्हणशील तर जानेवारीत पानिपतच्या काला अंब स्मारकावरच्या कार्यक्रमाची पत्रकं आपणच छापली. मंडळातले लोक म्हणाले, मुरलीधरराव, भगवा असावा तर असा. मागच्या रांगेत एक बाई दुसरीला हे हळूच सांगत होत्या, तेही मी ऐकलं. समोरच्या स्तुतीत पाणी असतं, कुजबुजीत नसतं.

तू फोनवर सारखं 'प्रोफाइल, प्रोफाइल' म्हणत होतीस. मला कळला तो अर्थ असा, की फाइल स्वतःचा बायोडेटा घेऊन येते, रंग अमुक, उंची तमुक. पण स्थळ बघायचं ते समोर बसवून. बायोडेट्यात सगळेच गोरे असतात. माझ्या मॉनिटरला कसला बायोडेटा लागतो? गेल्या वर्षी तो पिवळा पडायला लागला, तर कॉम्प्युटरवरच्या अक्षयाला सांगून मीच त्याचा निळा वाढवून घेतला. काम खतम.

आणि आकाशी ऑफिस कुठून काढलंस? पांढरं आहे ते. मी उभं राहून रंगवून घेतलं.

तुझा,
काका

आर. के. पुरम
२३ मार्च २०२५

ती. काका,

पांढरं! तुमची थट्टा करायची पद्धत मला अजून कळत नाही. राघवला वाचून दाखवलं, तो म्हणाला, "काका लेजंड आहेत यार."

बायोडेटा हा शब्द फाइलपुरता चांगला आहे. पण मॉनिटरचं वेगळं आहे. सांगू?

तुमच्या हॉलमधलं घड्याळ काकूने दहा मिनिटं पुढे ठेवलंय. तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही त्यातून दहा वजा करता आणि निवांत चहा घेता. पण राघव पहिल्यांदा आला तेव्हा चप्पल उलटसुलट घालून मेट्रोकडे धावला होता. घड्याळ वाईट नाही. ते किती पुढे आहे हे ठाऊक नसणं वाईट. प्रोफाइल म्हणजे घड्याळाखाली लावलेली चिठ्ठी: 'हे दहा मिनिटं पुढे आहे.' प्रत्येक मॉनिटर कुठेतरी झुकतो, कोणी निळ्याकडे, कोणी लालकडे. त्याच्या झुकण्याची चिठ्ठी कॉम्प्युटरकडे असली की तो तेवढं वजा करून रंग दाखवतो. मग माझ्या स्क्रीनवरचा आंबा आणि तुमच्या स्क्रीनवरचा आंबा एकाच झाडाचे होतात.

तुम्ही काय केलंत? घड्याळ हाताने पुढे सरकवलंत आणि चिठ्ठी लावलीच नाही. निळ्या स्क्रीनच्या शेजारी बरोबर प्रूफसुद्धा पिवळं दिसणारच. तुम्ही पिवळा कापला, आणि हापूसचा आडू झाला. बस, एवढंच झालंय! मला तर हे लिहिताना हायसं वाटतंय.

चिठ्ठी लिहायचं एक यंत्र असतं, संत्र्याएवढं. स्क्रीनवर टेकवलं की ते एकेक रंग मोजतं. माझ्याकडे आहे. पाडव्याला घेऊन येते. श्रीखंडासाठी येते असं काकूला सांगा, यंत्राचं सांगू नका.

मयुरा

फरीदाबाद
३१ मार्च २०२५

चि. मयुरास आशीर्वाद, आणि पाडव्याच्या उरलेल्या श्रीखंडाचा डबा सोबत.

तू काल गेलीस आणि मी ऑफिसात जाऊन बसलो. तुझं ते यंत्र स्क्रीनला जळवेसारखं चिकटलं होतं, तेव्हा मला गंमत वाटत होती. लाल, हिरवा, निळा, एकेक चौकोन येतोय, जातोय. तू म्हणालीस, "काका, मॉनिटर फार निळा होता, आता बरोबर झाला." मी तेव्हा घरात पाहुणे म्हणून गप्प बसलो.

आता सांगतो. माझी स्क्रीन तू हळदीत बुडवून गेलीस. पांढरं पान उघडलं तर जुन्या पोथीचं पान! तुझा आंबा त्यावर कावीळ झाल्यासारखा दिसतो. आज सकाळी अक्षयाला सांगून सगळं पहिल्यासारखं करून घेतलं. ती "जी सर" म्हणाली, पण कशी म्हणाली ते मी ऐकलं. 'जी' आणि 'सर' यांच्यामध्ये एक उसासा होता.

आणखी एक. तू स्वयंपाकघरात काकूला सांगत होतीस, "काका हट्टी आहेत, पण मी सोडणार नाही." मधे दोन भिंती आणि मिक्सर चालू. तरी ऐकलं. हट्टी असतो म्हणून तर इथवर आलो, बेटा. छापखान्यात पहिली दहा वर्षं माझ्याकडे घर नव्हतं, ओळख नव्हती, हिंदीसुद्धा नव्हती. डोळा होता. गिऱ्हाईक म्हणायचं, मुरलीधर ने पास किया तो पास. आता तो डोळा मी संत्र्याएवढ्या यंत्राला विचारून वापरू?

आणि भिंतीचा रंग डोळ्याला फसवतो म्हणून तिला राखाडी रंग लाव म्हणालीस! पांढऱ्या भिंती तुला आकाशी दिसतात. उलट तुझीच नजर तपासून घे म्हणतो मी.

पेट्या छापीन, पण माझ्या सहीने.

काका

आर. के. पुरम
२ एप्रिल २०२५

ती. काका,

श्रीखंड संपलं. राग अजून थोडा आहे.

माझीच नजर तपासून घे म्हणालात, म्हणून खरंच तपासली. इंटरनेटवर रंगीत चौकोन ओळीने लावायची एक परीक्षा असते. मी लावले, राघवने लावले, शेजारच्या वृंदाताईंनी भाजी निवडता निवडता लावले. तिघांचे बरोबर आले. पाडव्याला तुमच्या स्क्रीनसमोर मी, राघव आणि अक्षया असे तिघं उभे होतो. तिघांना आंबा दिसला, एकट्या तुम्हाला कावीळ. आम्ही सगळे चुकलो असं एकदा मानू. पण यंत्राला तर माझ्या बाजूने बोलायचं काही कारण नाही ना?

काका, मला भांडायचं नाही. सुजय काल पुन्हा फोनवर म्हणाला, "ताई, पेटी कधी बघायला मिळेल?" या वेळी आवाज तेवढा गोड नव्हता. नोएडात एक प्रेस आहे. तिथे विचारलंय. शनिवार, बारा तारखेपर्यंत थांबते, मग काम तिकडे देते. तुमच्याकडून काम काढून घ्यायचं मला किती जड जातंय ते इथे लिहीत नाही. तुम्ही ते दोन भिंतींपलीकडून ऐकाल.

मयुरा

फरीदाबाद
४ एप्रिल

चि. मयुरा,

हे पत्र तुझ्या काकांना माहीत नाही. टेम्पोवाल्याला लाडू देऊन पाकिटात घातलंय.

तुझं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं, 'तिघांना आंबा दिसला' इथे थांबले आणि घडी घालून खिशात ठेवलं. नंतर बोललेच नाहीत. ते बोलत नाहीत म्हणजे घरात पाहुणे तरी आहेत किंवा काहीतरी बिघडलंय.

मला रंगांचं शास्त्र कळत नाही. पण मी मोजे धुते. वर्षभर ते एका पायात काळा आणि एका पायात गडद निळा मोजा घालून जातात. मी सांगितलं की म्हणतात, कल्पना, दोन्ही काळेच आहेत. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मला साडी आणली. म्हणाले, "मोतिया रंगाची आहे, तुला शोभेल." साडी फिकट निळी आहे. मला वाटलं चेष्टा करतायत, मीही हसले आणि नेसले. ऑफिसच्या भिंती आकाशी झाल्या तेव्हाही मी हसलेच. आता हसू येत नाही गं.

संध्याकाळी गाडी चालवताना समोरच्या दिव्यांना झालर दिसते म्हणतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की चष्म्याशिवाय पेपर वाचून दाखवतात. तू सांगितलंस तर ऐकतील असं नाही. पण तू काम काढून घेऊ नकोस एवढ्यात. थोडं थांब.

काकू

फरीदाबाद
९ एप्रिल २०२५

चि. मयुरास आशीर्वाद.

तुझ्या काकूने टेम्पोवाल्याला लाडू दिला ते मला कळलं. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज, आणि त्या वेळी घरात कोणी लाडू खाल्ला नाही. काय लिहिलं असेल त्याचाही अंदाज आहे. तिला बोलू नकोस. मलाच तिचे आभार मानायचेत.

पण मला पटलं ते तिच्या पत्रामुळे नाही, तुझ्या यंत्रामुळे नाही. माझ्या कानामुळे.

मारुती परवा यात्रेहून परत आला. काल एका औषध कंपनीचं काम मशीनवर होतं. मी शीट बघितली, पिवळा उतरवला, सही केली आणि ऑफिसात आलो. दार लावून घेतलं. मशीन सुरू झालं. आणि त्या घरघरीत मला शाई कमीजास्त करायच्या चावीचा आवाज आला: टक, टक, टक. मी पास केलेल्या शीटनंतर कोणीतरी चावी फिरवत होतं. आठ-दहा महिने हा आवाज माझ्या कानावर पडतोय गं, मी समजत होतो मशीनच जुनं झालंय. तो बदली माणूस असताना मात्र एकदाही ऐकला नव्हता.

मी उलट्या पावली बाहेर आलो. मारुतीचा हात चावीवर.

"काय करतोयस?"

"मालक, पिवळा वर घेतोय."

"मी खाली घेतला ना?"

"तुमी खाली घेता, मग मी वर घेतो. लई महिनं झालं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"दोनदा सांगितलं. तुमी म्हनला, मारुती, तुझं डोळं तपास. मग म्या तपासून घेतलं. चांगलं हायेत."

मी विचारलं, "काला अंबची पत्रकं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "तुमचा राग परवडला मालक. पर पानिपतावर गुलाबी झेंडा? न्हाई परवडत."

मयुरा, मी स्टुलावर बसलो. आधी दोन मिनिटं वाईट वाटलं, फार वाईट. मागच्या रांगेतल्या बाईंची कुजबुज मी खिशात घालून फिरत होतो, आणि ती मारुतीच्या नावची होती. मग गुलाबी झेंडा डोळ्यापुढे आला. सगळं मंडळ फेटे बांधून गुलाबी झेंड्याखाली गंभीर उभं! मला जे हसू सुटलं, मारुती घाबरला, अक्षया पाणी घेऊन आली. तिला विचारलं, "बेटा, ये दीवार का रंग क्या है?" ती म्हणाली, "सर, सच बोलूँ?"

संध्याकाळी तुझ्या काकूला म्हटलं, चल. डॉक्टर तरुण मुलगी आहे, नागपूरची निघाली, मैत्रेयी नावाची. म्हणाली, "काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तो पिवळा-तपकिरी झालाय. तुम्ही जग मधाच्या बाटलीतून बघताय." मी म्हटलं, पण चष्मा सुटला! ती म्हणाली, तोही मोतीबिंदूचाच प्रताप. भिंग फुगलं की जवळचं दिसायला लागतं, काही दिवस. मी ज्याची बढाई मारत होतो तो रोग होता.

तुझं घड्याळाचं पत्र पुन्हा वाचलं. मॉनिटरला चिठ्ठी, फाइलला चिठ्ठी, सगळ्यांना चिठ्ठी. त्या साखळीच्या शेवटी जे घड्याळ होतं त्यालाच कोणी लावली नव्हती. ते सगळ्यांना वेळ सांगत फिरत होतं.

शुक्रवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. म्हणून एक मागणं आहे. नोएडाला काम देऊ नकोस. तुझं यंत्र घेऊन ये, स्क्रीनवर तुला पाहिजे ती चिठ्ठी लाव. मारुती मशीन चालवील. आणि शीटवर सही तू कर.

इथे माझ्याशिवाय कोणी सही केलेली नाही. हे वाक्य लिहून मी थोडा वेळ पेन खाली ठेवलं होतं. आता पाकीट बंद करतो, नाहीतर खोडीन.

तुझा,
काका

आर. के. पुरम
१७ एप्रिल २०२५

ती. काका,

डोळ्यात थेंब वेळेवर घाला. काकू म्हणते तुम्ही बाटली हलवून आवाजावरून किती उरलंय ते सांगता. घाला पण.

काल दिवसभर तुमच्या छापखान्यात होते, तुम्ही घरी काळा चष्मा लावून पडलेले. अक्षयाने ऑफिसची मागची भिंत स्वतःच राखाडी रंगवून घेतली, म्हणाली, "सर देखेंगे तो मैं छुट्टी पर रहूँगी." स्क्रीन मोजली, चिठ्ठी लावली, प्रूफ शेजारी धरलं. दोन्हीकडे एकच आंबा! मी उडीच मारली.

मग मशीन. मारुतीने पहिली चांगली शीट काढून टेबलावर ठेवली, पेन पुढे केलं आणि म्हणाला, "ताई, करा." मला सही करवेना. तुमची सही कोपऱ्यात जिथे असते ती जागा मी मोकळी सोडली आणि तिच्याखाली छोटं 'म' काढलं. मारुती म्हणाला, "आसं न्हाई चालत. पास म्हंजे पास, भितभित न्हाई." मग पूर्ण नाव लिहिलं. अक्षर पाहून हसू नका. तुमची जागा मात्र मोकळीच ठेवली आहे.

छापत असताना मी ऑफिसात जाऊन दार लावलं आणि कान दिला. टक आवाज आला नाही. एकदाही!

सुजयला पेटी दाखवली. त्याने ती नाकाशी नेऊन वास घेतला.

मयुरा

फरीदाबाद
२ मे २०२५

चि. मयुरास अनेक आशीर्वाद. हे पत्र एका डोळ्याने लिहितोय, पण तो नवा आहे.

परवा अक्षय्य तृतीयेला पहिला हापूस कापला. सुजयने पाठवलेली पेटी, आपलीच. तुझ्या काकूने आमरस केला. मी ताट पुढे घेऊन डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला, मग पुन्हा डावा. ती म्हणाली, "जेवा आता, आमरस कुठे पळत नाही." पण काय गंमत आहे तुला कशी सांगू? उजवा डोळा म्हणतो, जगात निळा नावाचा एक रंग आहे, आकाशात, तुझ्या काकूच्या त्या साडीत, माझ्या ऑफिसच्या तीन भिंतींवर. डावा म्हणतो, छे, सगळं मोतिया आहे. एकाच डोक्यात दोन मॉनिटर, आणि मधे नाक.

साडीबद्दल मी माफी मागायला गेलो, तर कल्पना म्हणाली, "मोतिया असती तर मी नेसलेच नसते. निळाच मला आवडतो." बघ, चूक करूनसुद्धा माझी निवड बरोबर!

काम पुन्हा सुरू केलंय. स्क्रीनच्या खाली अक्षयाने चिठ्ठी चिकटवली आहे: 'मालिक की बाईं आँख पीली. साइन दाईं आँख से.' शीट पास करताना मी डावा डोळा झाकतो. परवा एक नवीन गिऱ्हाईक बाई गोंधळून बघायला लागल्या, तर मारुती लगबगीने पुढे आला, "मॅडम, गलत मत समझिए, साहब पास कर रहे हैं." आणि तुझ्या शीटवर, तू सोडलेल्या जागेत, मी कालच सही केली. छापून झाल्यावर केलेली ही माझी पहिलीच सही. मला ती आवडली.

काल सुजयच्या स्टॉलमागे खुर्ची टाकून तासभर बसलो होतो. एक सरदारजी आणि त्यांची बायको आले. बाईंनी पेटीवर हात फिरवला आणि नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "देखो जी, फोटो ऐसी है तो अंदर क्या होगा." कानात म्हणाल्या, लक्षात घे. हे कौतुक तुझं आहे. ते मी माझ्या खिशात ठेवलेलं नाही, या पाकिटात घालून पाठवतोय.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन डॉक्टर मैत्रेयी याच महिन्यात करू म्हणत होत्या. मी जूनवर ढकललं. कारण कोणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतो. तुझी ती पहिली शीट, फळवाल्याच्या आडूची, मी टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. नव्या डोळ्याला ती आडूच दिसते, वाद नाही. पण जुन्या डोळ्याला अजून आंबा दिसतो. जूनमध्ये तो जुना डोळाही जाईल, मग हा आंबा कोणालाच दिसणार नाही. म्हणून सकाळी ऑफिसात आलो की एकदा उजवा डोळा झाकून त्याच्याकडे बघतो.

इतका काही वाईट नव्हता गं.

तुझा,
काका